चोक उघडला की तळाचा सिग्नल हरवतो: तारेविना ध्वनिसंदेशातला पुन्हापुन्हा येणारा बिघाड

तक्रार साधारण एकाच शब्दांत येते. तेल-वायूची विहीर बंद असताना तिच्या तळाशी बसवलेल्या गेजकडून, म्हणजे मापकाकडून, दाब आणि तापमान अगदी वेळेवर येतं. चोक, म्हणजे प्रवाह आवरणारी वरची झडप, उघडून विहीर वाहती केली की काही तासांत पॅकेटं, म्हणजे आकड्यांचे एकेक संदेश, गळू लागतात, मग रिसीव्हरवर नुसती शांतता. पुन्हा विहीर बंद करा, गेज काही घडलंच नाही अशा थाटात बोलायला लागतं. आणि आपल्याला दाब हवा असतो तो नेमका विहीर वाहत असतानाचा.

अशा वेळी बैठकीत पहिला ठराव होतो, ‘ट्रान्समीटर कमजोर झालाय’. दुसरा, ‘पॉवर वाढवा’. एकदा या दोन्ही ठरावांना मीही हात वर केला होता. गेज वर काढलं, टेबलावर तपासलं, ठणठणीत निघालं. परत खाली सोडलं, चोक उघडला आणि तोच प्रकार. त्यात गेलेले दिवस आणि झालेला खर्च आठवायला नको वाटतो. तेव्हापासून माझा एकच हट्ट असतो. काहीही बदलण्याआधी एवढं सांगा: सिग्नल घटलाय की गोंगाट वाढलाय? पडद्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, ‘पॅकेट नाही’. उपाय मात्र एकमेकांच्या वाटेलाही जात नाहीत.

वाट कशी आहे ते आधी

गेजमध्ये पीझो चकत्यांची चळत असते. तिला वीज मिळाली की ती किंचित लांब-आखूड होते आणि ट्यूबिंगच्या, म्हणजे तेल-वायू वर आणणाऱ्या नळीच्या, पोलादात लांबीच्या दिशेने लहरी ढकलते. या लहरी सेकंदाला सुमारे ५,१०० मीटर वेगाने चढतात, म्हणजे २,००० मीटरवरून वर यायला त्यांना ०.४ सेकंद पुरतो. वर वेलहेडवर, म्हणजे विहिरीच्या तोंडावरच्या जुळणीवर, बसवलेला अ‍ॅक्सिलरोमीटर ती थरथर पकडतो. फ्रिक्वेन्सी काहीशे हर्ट्झपासून दीड-दोन हजार हर्ट्झपर्यंत, आणि संदेशाचा वेग सेकंदाला काही बिटांपासून फार तर काही दहा बिटांपर्यंत. हे ऐकून नवे लोक हसतात. पण दाब-तापमानाचा एक आकडा पाठवायला तेवढं पुरतं, केबल लागत नाही, आणि ड्रिलिंगमधल्या मड पल्ससारखा (चिखलद्रवातून दाबाचे ठोके पाठवण्याची पद्धत) वाहता मडही लागत नाही.

खोच अशी की ट्यूबिंग ही एकसंध सळई नाही. साधारण साडेनऊ मीटरचे तुकडे आणि दर तुकड्याला एक सांधा. सांध्यापाशी पोलादाची जाडी बदलते, म्हणून लहरीचा थोडा हिस्सा मागे फिरतो. एकट्या सांध्याने काही बिघडत नाही. पण सारख्या अंतरावर दोनशे सांधे आले की मागे फिरलेले हिस्से ठरावीक फ्रिक्वेन्सींवर एकमेकांत भर घालतात आणि वाट बंद करतात. मग फ्रिक्वेन्सीच्या पट्टीवर खुल्या वाटा आणि भिंती आलटून पालटून दिसतात. दोन भिंतींमधलं अंतर काढायचं तर पोलादातल्या वेगाला तुकड्याच्या दुप्पट लांबीने भागायचं. साडेनऊ मीटरच्या तुकड्यांना ते सुमारे २७० हर्ट्झ येतं. ड्रिल पाइपमध्ये हे फार ठळक असतं, कारण ५ इंची पाइपच्या टूल जॉइंटमध्ये, म्हणजे जाड सांध्यात, पोलादाचं क्षेत्रफळ पाइपच्या अंगापेक्षा साधारण चौपट असतं. तिथल्या भिंती रुंद. ट्यूबिंगचे सांधे हलके, म्हणून भिंती अरुंद, पण असतात. आदर्श ड्रिल स्ट्रिंगसाठी हे गणित बार्न्स आणि कर्कवूड यांनी १९७२ मध्ये मांडलं.

पुढची गोष्ट जास्त कामाची आहे. खुली वाट आतून सपाट नसते. लहर वेलहेडवर आपटून खाली जाते, तळाशी नळीभोवतीची पोकळी बंद करणाऱ्या पॅकरवर आपटून वर येते, आणि या येरझाऱ्यांमुळे खुल्या वाटेच्या आत बारीक-बारीक सुळके आणि खळगे तयार होतात. सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या ड्रमहेलर यांनी ड्रिल स्ट्रिंगमधली ही बारीक ठेवण १९८९ मध्ये उलगडून दाखवली. २,००० मीटरच्या नळीत दोन सुळक्यांमधलं अंतर जेमतेम १.३ हर्ट्झ असतं. म्हणजे आज सुळक्यावर बसलेला तुमचा सूर अर्धा-पाऊण हर्ट्झ सरकला तरी खळग्यात जाऊ शकतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सेन्सरची नाडी

पाच मिनिटांचं काम आहे, ते आधी उरकून टाका. वेलहेडवर आयईपीई जातीचा (ज्याला वीज सिग्नलच्याच तारेतून मिळते असा) अ‍ॅक्सिलरोमीटर असेल तर त्याच्या तारेवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजा. ठीक असलेल्या सेन्सरवर साधारण ८ ते १२ व्होल्ट दिसतात. शून्याजवळ काटा असेल तर तार कुठेतरी शॉर्ट आहे. पुरवठ्याइतकेच, म्हणजे २४ व्होल्टच्या आसपास दिसले तर तार तुटली आहे किंवा कनेक्टर सुटलाय. मधलंच काहीतरी, आणि तेही सकाळी एक, दुपारी एक, असं असेल तर कनेक्टरमध्ये ओल शिरली असं समजा. सुरक्षा बॅरियर (ठिणगी पडू नये म्हणून वीज मर्यादित ठेवणारं साधन) मध्ये असेल तर मोजमाप कोणत्या बाजूने करताय ते बघून घ्या, नाहीतर आकडे फसवतात.

बसवण्याची पद्धतही बघा. रंगाच्या जाड थरावर चुंबकाने चिकटवलेला सेन्सर मी अनेकदा पाहिलाय. खालचा रंग खरवडून जागा सपाट करा, किंवा सरळ स्टडने बसवा. सेन्सरचा अक्ष नळीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे उभा हवा. आडवा बसवलेला सेन्सर गोंगाट मन लावून ऐकतो आणि सिग्नल सोडून देतो. शक्य असेल तर परवानगी काढून पितळी हातोडीने वेलहेडवर हलकी टिचकी मारा आणि रिसीव्हरवर ती दिसते का ते पाहा. वेलहेडभोवती ज्वलनशील वायूची शक्यता गृहीत धरलेली असते, तेव्हा ‘हलकी टिचकीच तर आहे’ म्हणून लोखंडी पाना उचलू नका.

जागेबद्दलही थोडं. वेलहेड हा टनावारी वजनाचा गोळा. नळीच्या दृष्टीने तो जवळजवळ पक्का बांधलेला शेवट, आणि पक्क्या शेवटाशी हालचाल सर्वात कमी असते. ती सर्वात जास्त असते पाव तरंगलांबी खाली, १,००० हर्ट्झला म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास. पण तिथे हात पोहोचत नाही. तरी वेलहेडच्या वेगवेगळ्या फ्लँजवर सेन्सर अर्धा-अर्धा मीटर हलवून पाहायला काय जातं? एकाच विहिरीवर, एकाच वेळी, दोन जागांमधला फरक पाहून मी चाट पडलोय.

कच्चं रेकॉर्डिंग घ्या, टक्केवारी बघू नका

बहुतेक रिसीव्हरवर ‘सिग्नल क्वालिटी’ असं काहीतरी टक्क्यांत दिसतं. निदानासाठी त्याचा उपयोग शून्य, कारण त्यात सिग्नल आणि गोंगाट आधीच एकमेकांत कालवलेले असतात. सेन्सरकडून येणारी कच्ची लहर फाइलमध्ये साठवा. सेकंदाला ८,००० नमुने पुरेसे आहेत. गेजच्या ठरलेल्या प्रक्षेपणाआधी पाच मिनिटं सुरू करा आणि नंतर पाच मिनिटांनी थांबवा, म्हणजे एकाच फाइलमध्ये गेज बोलत असतानाचा आणि गप्प असतानाचा, दोन्ही काळ सापडतात.

हे दोनदा करायचं. एकदा विहीर बंद असताना, एकदा वाहत असताना. सेन्सर, त्याची जागा, अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, काहीही मध्ये हलवायचं नाही; ऑटो गेन असेल तर तो बंद करा. मग दोन्ही फाइलींचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती पातळी आहे तो आलेख, काढून गेजच्या फ्रिक्वेन्सीभोवतीची पातळी चार ठिकाणी वाचा: बंद-गप्प, बंद-बोलता, वाहती-गप्प, वाहती-बोलता. ‘गप्प’ काळातला आकडा चढला असेल तर गोंगाट वाढलाय. ‘बोलता’ काळातला सुळका स्वतःच बुटका झाला असेल तर सिग्नल घटलाय. वाहत्या विहिरीत सुळका गोंगाटात पूर्ण बुडाला असेल तर ‘बोलता’ आणि ‘गप्प’ सारखेच दिसतात. तेव्हा गेज पाठवत असलेला सुरुवातीचा ठरीव नमुना, म्हणजे प्रिअँबल, घेऊन कोरिलेशन लावा, म्हणजे तो नमुना रेकॉर्डिंगवर सरकवत कुठे जुळतो ते पाहा. पॅकेट वाचता आलं नाही तरी प्रिअँबल बऱ्याचदा सापडतो आणि त्याची उंची मोजता येते.

चार आकडे हातात आल्यावर बैठकीतला वाद निम्म्याने कमी होतो.

गोंगाट वाढला असेल तर

संशय सर्वात आधी चोकवर घ्या. माणसं तळाकडे बघत राहतात आणि सेन्सरपासून दोन-तीन मीटरवर फुसफुसणारा चोक कोणाच्या लक्षात येत नाही. त्यातून वायू मोठ्या दाबफरकाने जात असेल तर सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेला गोंगाट तयार होतो. स्पेक्ट्रममध्ये तो वर उचललेल्या गादीसारखा दिसतो: सुळके नाहीत, सगळंच वर. चोकचं माप बदलल्यावर ती गादी वर-खाली होते का ते पाहा. होत असेल तर चोर सापडला.

यावर सेन्सर दुसऱ्या बाजूला, फ्लो लाइनपासून (चोकमधून निघालेला माल पुढे नेणारा नळ) लांब नेणं हा फुकटचा उपाय आधी करा. तेवढ्याने भागलं नाही तर फ्लो लाइनवर दुसरा सेन्सर लावा. त्याला गोंगाट भरपूर ऐकू येतो, तळाचा सिग्नल जवळपास नाही. त्याच्यावरून पहिल्या सेन्सरमधला गोंगाट वजा करणारा अनुकूली फिल्टर चालवता येतो. अट एकच, दोन्ही सेन्सरांचे नमुने एकाच घड्याळावर घेतलेले हवेत. दोन वेगळ्या रेकॉर्डरच्या फाइली नंतर जुळवत बसण्याचा उद्योग मी करून पाहिलाय. त्यात वेळ गेला, हाताला काही लागलं नाही.

गादीऐवजी काटेरी कुंपण दिसत असेल, म्हणजे समान अंतरावर उभे सुळके, तर ते फिरणाऱ्या यंत्राचं काम. विहिरीत विजेवर चालणारा बुडता पंप असेल आणि त्याला ५० हर्ट्झचा पुरवठा असेल तर दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला २,९०० च्या आसपास फेरे घेते, म्हणजे सेकंदाला अठ्ठेचाळीस-साडेअठ्ठेचाळीस. तिच्या पटीतले सुळके वरपर्यंत जातात. नेमके ५०, १००, १५० वर उभे असतील तर तो पंप नाही, वीज आहे. अर्थिंग आणि केबलचं शील्ड एकाच टोकाला जोडलंय ना ते बघा. ही दोन कुंपणं वेगळी ओळखता यावीत म्हणून स्पेक्ट्रमची बारकाई एका हर्ट्झपेक्षा कमी ठेवा.

पंपाला फ्रिक्वेन्सी बदलणारा ड्राइव्ह असेल तर बिघाड आणखी लबाड होतो. कोणीतरी उत्पादन वाढवायला ड्राइव्ह थोडा वर नेतो, आणि पंपाचा विसावा-एकविसावा पट सरकत सरकत गेजच्या सुरावर येऊन बसतो. दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह खाली आणला की सिग्नल परत. ‘आपोआप जातो, आपोआप येतो’ अशी तक्रार असेल तर ड्राइव्हच्या नोंदी मागवा आणि पॅकेट हुकल्याच्या वेळा त्यांच्या शेजारी ठेवा. उपाय स्वस्त आहे, गेजचा सूर दोन पटींच्या मधोमध हलवायचा.

पॉवर वाढवण्याचा हिशेब

गोंगाट वाढलाय म्हणून पॉवर वाढवू, हा मोह इथेच होतो. हिशेब करून पाहा. लहरीची उंची दुप्पट केली तर ६ डेसिबल मिळतात आणि वीज चौपट जाते. चोकने गोंगाट २० डेसिबल उचलला असेल तर तेवढी भरपाई करायला शंभरपट वीज हवी. ती बॅटरीत नाही. संदेशाचा वेग निम्मा केला तर दर बिटाला दुप्पट वेळ मिळतो आणि ३ डेसिबलचा फायदा होतो. वीज तिथेही जास्त जाते हे खरं, पण एका क्षणी बॅटरीवर पडणारा ताण वाढत नाही, आणि प्रतिध्वनींचा त्रासही कमी होतो. निवडायचंच झालं तर मी वेग कमी करेन. तासाला एकच आकडा हवा असताना तो दहा सेकंदांत आला काय आणि चाळीस सेकंदांत आला काय.

सिग्नलच घटला असेल तर

हा भाग लोक सर्वात कमी तपासतात, आणि ‘विहीर वाहती झाल्यावर काही तासांनी’ या तक्रारीत तो बहुतेक वेळा असतो. ‘काही तासांनी’ या शब्दांकडे लक्ष द्या. चोकचा गोंगाट तत्क्षणी येतो. तासांच्या हिशेबाने जे बदलतं ते तापमान.

विहीर बंद असताना नळीचा वरचा भाग भोवतालच्या जमिनीइतका थंड असतो. वाहू लागली की तळाचा गरम द्रव वर येतो आणि वरचा भाग तापतो. समजा, संपूर्ण लांबीचं सरासरी तापमान ४० अंशांनी वाढलं. पोलाद तापलं की किंचित मऊ होतं आणि लहरीचा वेग दर अंशाला साधारण ०.०१५ ते ०.०२ टक्का घटतो. ४० अंशांना तो पाऊण टक्क्याच्या आसपास होतो. ऐकायला क्षुल्लक. पण १,००० हर्ट्झवर पाऊण टक्का म्हणजे सात-आठ हर्ट्झ, आणि वर आपण पाहिलं की सुळके एकमेकांपासून १.३ हर्ट्झवर आहेत. म्हणजे सगळी ठेवण पाच-सहा सुळके सरकते. विहीर बंद असताना चाचणी घेऊन निवडलेला ‘सर्वोत्तम’ सूर आता कुठे बसेल याचा काही भरवसा नाही. आणि तो सूर भिंतीच्या काठाशी निवडलेला असेल तर भिंतच त्याच्यावर सरकून येते.

दुसरी गोष्ट घडते ती नळीच्या लांबीची. पोलाद दर अंशाला लांबीच्या १२ दशलक्षांश भागाने वाढतं. २,००० मीटर, ४० अंश: जवळजवळ एक मीटर. वर हँगरने आणि खाली पॅकरने नळी बांधलेली असेल तर हा मीटर जाणार कुठे? नळी दाबली जाते, दाब सोसवेना की केसिंगच्या, म्हणजे विहिरीला अस्तर म्हणून बसवलेल्या बाहेरच्या पोलादी नळीच्या, आत नागमोडी होते, मग स्प्रिंगसारखी पीळ खाते आणि केसिंगच्या भिंतीला ठिकठिकाणी टेकते. प्रत्येक टेकू म्हणजे लहरीला गळती. केसिंगच्या मागे सिमेंट आणि खडक आहेत; तिकडे गेलेली ऊर्जा परत येत नाही. तिरप्या विहिरीत नळी मुळातच टेकलेली असते, तिथे हा फटका वेगळा जाणवत नाही, फक्त सगळंच आधीपासून क्षीण असतं.

ही दोन कारणं वेगळी कशी ओळखायची? एका सुराने नाही ओळखता येत. गेजला चर्प पाठवायला सांगा, म्हणजे ६०० पासून १,२०० हर्ट्झपर्यंत सरकत जाणारा सूर. बहुतेक दुतर्फा गेजमध्ये असा चाचणी-आदेश असतो. विहीर बंद असताना एकदा, तापल्यावर एकदा. दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. ठेवण तीच पण डावीकडे सरकलेली, काही ठिकाणी सिग्नल घटलेला आणि काही ठिकाणी चक्क वाढलेला दिसत असेल, तर वेग बदललाय. सूर बदलून काम होईल. सगळाच आलेख सरसकट खाली बसला असेल तर गळती वाढली आहे. नळी टेकली असेल, किंवा नळी आणि केसिंगमधल्या पोकळीत द्रवाची पातळी चढली असेल. पोकळीत वायू असताना नळी मोकळी थरथरते. द्रव भरला की त्याचं ओझं अंगाला लागतं. पातळी कशी बदलली ते उत्पादनवाल्यांना विचारा, त्यांच्याकडे इको मीटरने मोजलेले आकडे असतात. गंमत म्हणजे तेही ध्वनीनेच मोजतात, फक्त पोकळीतल्या वायूतून.

वेग बदलल्याचं निदान झालं तर एकाच अरुंद सुरावर विसंबणं सोडा. संदेश थोडा रुंद पसरवणारी पद्धत, चर्पवर आधारलेली किंवा काही हर्ट्झ अंतरावरच्या अनेक सुरांवर तोच मजकूर पाठवणारी, सुळक्या-खळग्यांच्या सरकण्याला पुरून उरते, कारण काही सूर खळग्यात गेले तरी बाकीचे सुळक्यांवर असतात. तेवढी सोय गेजमध्ये नसेल तर निदान दोन सूर ठरवून ठेवा, एक थंड विहिरीचा, एक तापलेल्या. सूर बदलण्याचा आदेश मात्र विहीर शांत असतानाच पाठवा. वरून खाली जाणारा आदेशही त्याच नळीतून जातो, आणि गेजच्या कानाशी वाहत्या द्रवाची खळखळ असतेच.

गळती वाढल्याचं निदान झालं तर सॉफ्टवेअरने फारसं काही होत नाही. नळी पुढच्या वेळी बाहेर येईल तेव्हा ती ताण देऊन बसवायची, म्हणजे तापल्यावर आधी ताण सैल होतो आणि दाब उशिरा येतो, किंवा पॅकरमध्ये सरकता सील वापरायचा. तोवर खालचा सूर वापरून पाहा. टेकूंमधली गळती वरच्या सुरांना सहसा जास्त सोसावी लागते. मध्ये एक रिपीटर, म्हणजे सिग्नल ऐकून पुन्हा पाठवणारं यंत्र, बसवणं हाही मार्ग आहे, पण तोही नळी काढल्याशिवाय बसत नाही. शिवाय आणखी एक बॅटरी सांभाळायची.

सिग्नल दणदणीत, गोंगाट कमी, आणि तरी पॅकेट फुटकं

या वेळी प्रतिध्वनी आठवा. २,००० मीटरच्या नळीत वरून खाली जाऊन परत येणारा प्रतिध्वनी ०.८ सेकंदाने पोहोचतो, आणि सांध्या-सांध्यांमधली गुणगुण त्याआधी दहा-दहा मिलिसेकंदांनी रेंगाळत असते. सेकंदाला १० बिट असतील तर एका बिटाला १०० मिलिसेकंद मिळतात. मागच्या बिटाचं शेपूट पुढच्यात शिरतं. इथे पॉवर वाढवणं हास्यास्पद आहे, कारण प्रतिध्वनीही तेवढाच मोठा होतो. बिटांमध्ये मोकळी जागा सोडा, नाहीतर वेग कमी करा.

पॅकेटची सुरुवात बरोबर आणि शेपटाकडे चुका, असं दर वेळी होत असेल तर प्रतिध्वनी नाही, घड्याळ आहे. गेजमध्ये मनगटी घड्याळातल्यासारखा ३२,७६८ हर्ट्झचा साधा क्वार्ट्झ असेल तर २५ अंशांपासून जितकं दूर जावं तितका तो मागे पडतो, आणि तेही अंतराच्या वर्गाने: दर अंशवर्गाला दशलक्षात ०.०३४. तळाला १२५ अंश असतील तर १०० चा वर्ग गुणिले ०.०३४, म्हणजे दशलक्षात ३४०. एका मिनिटाच्या पॅकेटमध्ये हा फरक २० मिलिसेकंद होतो, १०० मिलिसेकंदांच्या बिटाचा पाचवा हिस्सा. दिवसभरात २९ सेकंद. आठवड्यात तीन मिनिटांहून जास्त.

आता बॅटरी वाचवायला गेज तासातून एकदाच बोलतं आणि रिसीव्हर ठरलेल्या वेळेला दोन मिनिटं कान देतो, अशी रचना असेल तर काय होईल ते उघड आहे. वेळ जुळवल्यावर तीन-चार दिवस सगळं छान, पाचव्या दिवसापासून शांतता. ‘दर आठवड्याला बंद पडतं’ ही तक्रार ऐकली की मी बॅटरी वगैरे विचारतच नाही. रिसीव्हर एक पूर्ण तास सलग चालू ठेवायला सांगतो. पॅकेट उशिरा, पण ठणठणीत येतं.

बॅटरीचा खरा बिघाड वेगळा दिसतो. प्रिअँबल येतो, एक-दोन बिट येतात आणि आवाज मध्येच तुटतो. पुढच्या तासाला पुन्हा तेच, आणि गेजमधला पॅकेट क्रमांक पुन्हा एकवर. लिथियम-थायोनिल क्लोराइड सेल बराच काळ, त्यातही उष्ण जागी, स्वस्थ पडला की लिथियमवर क्लोराइडचा पापुद्रा धरतो. या पापुद्र्यामुळेच सेल वर्षानुवर्षं टिकतो. पण एकदम जोराचा प्रवाह मागितला की ३.६ व्होल्टवरून व्होल्टेज क्षणभर कोसळतं, प्रोसेसर रीसेट होतो आणि गेज बोलता बोलता झोपतं. खाली सोडण्याआधी सेलवर ठरलेला भार देऊन पापुद्रा मोडायचा असतो. घाईत ही पायरी गाळली जाते. गेज खाली गेल्यावर उपाय उरतो तो कमी पॉवरवर लहान-लहान प्रक्षेपणं करून सेल जागा करण्याचा. पहिल्या दिवशी जोर कमी ठेवा, मग चढवा. ‘सिग्नल तुटतोय, पॉवर वाढवा’ या सल्ल्याने इथे नेमकं उलटं होतं. आणि हो, लिथियम १८० अंशांच्या किंचित वर वितळतं, तेव्हा त्याच्या जवळपास तापणाऱ्या विहिरीत साधे सेल मुळात उतरवायचेच नसतात.

त्या विहिरीचं काय झालं

ज्या गेजला आम्ही विनाकारण वर काढलं होतं, त्याचे चार आकडे शेवटी घेतले तेव्हा दोन्ही निघालं. चोक उघडल्या क्षणी गोंगाट चढत होता, आणि पुढच्या काही तासांत सुळका हळूहळू बसत होता. एकट्या गोंगाटाला रिसीव्हर पुरून उरत होता. म्हणूनच सुरुवातीला पॅकेटं येत आणि सगळे चोकला निर्दोष सोडत. सेन्सर फ्लो लाइनच्या बाजूने उलट बाजूच्या खालच्या फ्लँजवर नेला, रंग खरवडला, स्टड बसवला. चर्पचे दोन आलेख सरळ सरळ सरकलेले निघाले, त्यामुळे तापलेल्या विहिरीसाठी वेगळा सूर ठरवला. गेज आता स्वतःच्याच तापमानावरून सूर निवडत असेल असं वाटलं असेल तर तसं नाही. तळाचं तापमान फारसं बदलतच नाही, बदलतं ते वरच्या नळीचं, आणि ते गेजला कळायला मार्ग नाही. म्हणून ते एका तासाला थंड सुरावर बोलतं, पुढच्या तासाला गरम सुरावर. विहीर तापत असतानाच्या मधल्या काळात कधी एक सूर लागतो, कधी दुसरा, कधी दोन्ही नाही. त्या वेळचे आकडे गेजच्या स्मृतीत राहतात आणि पुढच्या पॅकेटच्या शेपटाला जोडून वर येतात.